भास्कराचार्य (द्वितीय)

भास्कराचार्य, किंवा दुसरे भास्कराचार्य (जन्म: शके १०३६, इ.स. १११४), हे बाराव्या शतकातील भारतीय गणिती व ज्योतिर्विद होते. 'सिद्धान्तशिरोमणी' हा त्यांचा प्रमुख ग्रंथ असून 'लीलावती', 'बीजगणित', 'ग्रहगणित' आणि 'गोलाध्याय' असे त्याचे चार भाग आहेत. सातव्या शतकात भास्कर नावाचेच आणखी एक गणिती होऊन गेल्यामुळे त्यांना 'प्रथम' आणि सिद्धान्तशिरोमणीकारांना 'द्वितीय' म्हणण्याची पद्धत आहे. धन व ऋण संख्यांचे नियम, धन संख्येची दोन वर्गमुळे आणि वर्गसमीकरणाच्या दोन उत्तरांपैकी कोणते स्वीकारावे याचा विचार भास्कराचार्यांनी उदाहरणांसह मांडला. बीजगणिताच्या इतिहासात त्यांचे हे विवेचन महत्त्वाचे मानले जाते.

जन्म आणि कुळ

भास्कराचार्यांनी आपल्या जन्माचे वर्ष आणि ग्रंथरचनेचा काळ स्वतःच नोंदवून ठेवला आहे. प्राचीन भारतीय ग्रंथकारांच्या बाबतीत अशी नेमकी माहिती क्वचितच मिळते. त्यानुसार त्यांचा जन्म शके १०३६ मध्ये झाला आणि वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, म्हणजे शके १०७२ (इ.स. ११५०) मध्ये, त्यांनी सिद्धान्तशिरोमणी पूर्ण केला. त्यांचे गोत्र शांडिल्य होते. त्यांचे वडील महेश्वर हे नामांकित ज्योतिषी होते आणि भास्कराचार्यांचे अध्ययन त्यांच्याजवळच झाले.

सह्य पर्वताच्या आश्रयाने वसलेले विज्जडविड हे आपले गाव, असे भास्कराचार्य सांगतात. हे गाव कोणते याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. काहींनी विजापूर, तर काहींनी बीड असा तर्क केला आहे. जळगाव जिल्ह्यातील चाळीसगावजवळचे पाटण हा परिसर मानण्याकडे अनेक अभ्यासकांचा कल आहे आणि त्याला शिलालेखांचा आधार आहे. ते उज्जैनच्या वेधशाळेचे प्रमुख होते, असे विधान अनेक पुस्तकांत आढळते. परंतु त्यांच्या ग्रंथांत किंवा कुळाच्या शिलालेखांत त्याला पुष्टी मिळत नाही.

पाटणचा शिलालेख

पाटण येथील देवीच्या मंदिरात सापडलेला शिलालेख हे भास्कराचार्यांच्या घराण्याविषयीचे सर्वांत विश्वसनीय साधन आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात तो प्रकाशात आणला. लेख मुख्यतः संस्कृतात असून दानाचा तपशील देणारा अखेरचा भाग जुन्या मराठीत आहे. त्यामुळे मराठी भाषेच्या अभ्यासकांनाही तो महत्त्वाचा वाटतो.

त्रिविक्रम, भास्करभट्ट, गोविंद, प्रभाकर, मनोरथ, महेश्वर आणि भास्कराचार्य अशी वंशावळ या लेखात दिलेली आहे. भास्कराचार्यांचे पुत्र लक्ष्मीधर यांना यादव राजा जैत्रपाल याने आपल्या पदरी नेले. लक्ष्मीधरांचे पुत्र चांगदेव हे सिंघण यादवाचे राजज्योतिषी होते. आजोबांच्या ग्रंथांचे अध्ययन अखंड चालावे म्हणून चांगदेवांनी पाटण येथे मठ स्थापन केला आणि निकुंभ वंशातील सोइदेव या मांडलिक राजाने इ.स. १२०७ मध्ये त्याला दान दिले. एखाद्या गणितज्ञाचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ निघावा आणि त्याच्या खर्चाची तरतूद दगडावर कोरून ठेवली जावी, ही घटना भारतीय विद्येच्या इतिहासात विरळा आहे. पाटणपासून जवळच असलेल्या बहाळ येथील शके ११४४ च्या शिलालेखात भास्कराचार्यांचे बंधू श्रीपती यांच्या वंशातील अनंतदेव या ज्योतिषाचा उल्लेख येतो.

ग्रंथरचना

'लीलावती' हा अंकगणित व क्षेत्रगणिताचा ग्रंथ आहे. 'बीजगणित' या भागात अव्यक्त राशींचे, म्हणजे ज्यांची किंमत ठाऊक नाही अशा संख्यांचे गणित येते. 'ग्रहगणित' व 'गोलाध्याय' हे भाग ज्योतिषशास्त्राचे आहेत. या दोन भागांवर भास्कराचार्यांनी 'वासनाभाष्य' हे स्पष्टीकरण लिहिले. 'लीलावती' आणि 'बीजगणित' यांतही पद्यातील नियमांबरोबर उदाहरणे सोडवून दाखवणारा गद्य भाग आहे. वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी, शके ११०५ (इ.स. ११८३) हे आरंभवर्ष धरून, त्यांनी 'करणकुतूहल' हा पंचांगाच्या गणितासाठी सोपा ग्रंथ रचला. लल्लाच्या 'शिष्यधीवृद्धिद' या ग्रंथावरही त्यांचे विवरण आहे. त्यांच्या मृत्यूचे वर्ष रूढीने इ.स. ११८५ असे दिले जाते.

धन, ऋण आणि वर्गमूळ

'बीजगणित' या ग्रंथाचा आरंभच धन व ऋण राशींच्या सहा क्रियांनी होतो. बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार, वर्ग आणि वर्गमूळ या त्या क्रिया होत. ऋण संख्या दाखवण्यासाठी अंकाच्या डोक्यावर टिंब देण्याची पद्धत होती. अव्यक्त राशींना 'यावत्तावत्' असे आणि ती एकाहून अधिक असल्यास 'कालक', 'नीलक', 'पीतक' अशी रंगांची नावे देत. लिहिताना या नावांची आद्याक्षरे वापरली जात. ज्ञात संख्येला 'रूप' म्हणत.

वर्गमुळाविषयी भास्कराचार्यांचा नियम तीन गोष्टी सांगतो. पहिली, धन संख्येचा वर्ग धन असतो आणि ऋण संख्येचा वर्गही धनच असतो. दुसरी, म्हणून धन संख्येची वर्गमुळे दोन असतात, एक धन व दुसरे ऋण. तिसरी, ऋण संख्येला वर्गमूळ नसते, कारण ती कोणत्याही संख्येचा वर्ग नसते. उदाहरणार्थ, ९ हा ३ चाही वर्ग आहे आणि −३ चाही. परंतु −९ हा या दोहोंपैकी कोणाचाच वर्ग नाही.

या नियमामागे जुनी परंपरा आहे. ब्रह्मगुप्ताने इ.स. ६२८ मध्ये 'ब्राह्मस्फुटसिद्धान्त' या ग्रंथात धन, ऋण व शून्य यांच्या क्रियांचे नियम दिले होते. नवव्या शतकात महावीराचार्यांनी 'गणितसारसंग्रह' या ग्रंथात धन संख्येची दोन मुळे आणि ऋण संख्येला मूळ नसणे या दोन्ही गोष्टी सांगितल्या होत्या. समीकरण सोडवताना दोन मुळांपैकी कोणते घ्यावे, हा पुढचा प्रश्न हाती घेऊन भास्कराचार्यांनी तो उदाहरणांच्या आधारे तपासला, हे त्यांचे वैशिष्ट्य होय.

वर्गसमीकरणाची दोन उत्तरे

वर्गसमीकरण सोडवण्याच्या रीतीला 'मध्यमाहरण', म्हणजे मधले पद नाहीसे करणे, असे नाव होते. समीकरणाच्या दोन्ही बाजूंना वर्गपदाच्या गुणकाच्या चौपटीने गुणावे आणि मग दोन्हीकडे अव्यक्ताच्या मूळ गुणकाचा वर्ग मिळवावा. असे केले की अव्यक्ताची बाजू पूर्ण वर्ग होते. ही युक्ती श्रीधराचार्यांची असल्याचे भास्कराचार्यांनी नमूद केले आहे. त्यानंतर दोन्ही बाजूंची वर्गमुळे घ्यावयाची असतात आणि येथेच धन व ऋण मुळांचा प्रश्न उभा राहतो.

त्यावर भास्कराचार्यांचा नियम असा आहे: रूपांच्या बाजूचे वर्गमूळ जर अव्यक्ताच्या बाजूतील ऋण रूपांहून लहान असेल, तर ते मूळ एकदा धन व एकदा ऋण मानावे, त्यातून अव्यक्ताची दोन मूल्ये मिळतात, परंतु ती काही ठिकाणीच. नियमातील ही अखेरची मर्यादा मुद्दाम घातलेली आहे. तिचा अर्थ पुढील उदाहरणांतून उलगडतो.

अर्जुनाचे बाण. हे उदाहरण 'लीलावती'त आहे. कर्णाशी लढताना अर्जुनाने जितके बाण घेतले त्यांच्या निम्म्या बाणांनी कर्णाचे बाण अडवले, बाणसंख्येच्या वर्गमुळाच्या चौपट बाणांनी घोडे मारले, सहांनी शल्याला गाठले, तिहींनी छत्र, ध्वज व धनुष्य तोडले आणि एकाने कर्णाचे शिर उडवले. एकूण बाण किती, हा प्रश्न आहे. आजच्या चिन्हांत बाणसंख्येचे वर्गमूळ य मानल्यास य² − ८य = २० हे समीकरण मिळते. दोन्हीकडे १६ मिळवल्यास (य − ४)² = ३६ असे होते. येथे ३६ चे मूळ ६ हे ४ पेक्षा मोठे आहे, म्हणजे नियमातील अट पाळली जात नाही. धन मूळ घेतल्यास य = १० येते व बाण १०० होतात. ऋण मूळ घेतले असते तर य = −२, म्हणजे बाण ४ निघाले असते. मात्र एकट्या शल्यावरच सहा बाण सोडलेले असल्यामुळे ते अशक्य आहे. उत्तर एकच, १००.

वानरांचा पहिला कळप. एका कळपाच्या आठव्या हिश्श्याचा वर्ग होईल इतकी वानरे वनात खेळत आहेत आणि उरलेली बारा टेकडीवर दिसत आहेत. तर एकूण वानरे किती? कळपाची संख्या क्ष मानल्यास क्ष² − ६४क्ष = −७६८ हे समीकरण मिळते. दोन्हीकडे ३२ चा वर्ग १०२४ मिळवल्यास (क्ष − ३२)² = २५६ असे होते. २५६ चे मूळ १६ हे ३२ पेक्षा लहान आहे. ते धन मानल्यास क्ष = ४८ आणि ऋण मानल्यास क्ष = १६. ताळा पाहिल्यास ४८ चा आठवा हिस्सा ६, त्याचा वर्ग ३६ आणि त्यात १२ मिळवून ४८ होतात. १६ चा आठवा हिस्सा २, त्याचा वर्ग ४ आणि त्यात १२ मिळवून १६ होतात. दोन्ही उत्तरे प्रश्नाला जुळतात, म्हणून भास्कराचार्यांनी दोन्ही स्वीकारली आहेत.

वानरांचा दुसरा कळप. कळपाच्या पाचव्या हिश्श्यातून तीन वजा करून उरलेल्या संख्येच्या वर्गाइतकी वानरे गुहेत गेली आणि एक फांदीवर दिसले. तर कळप केवढा? येथे क्ष² − ५५क्ष = −२५० हे समीकरण येते. चारने गुणून ५५ चा वर्ग मिळवल्यास (२क्ष − ५५)² = २०२५ होते. २०२५ चे मूळ ४५ हे ५५ पेक्षा लहान असल्याने नियमाची अट पूर्ण होते आणि क्ष ची मूल्ये ५० व ५ अशी मिळतात. तरीही भास्कराचार्यांनी ५ हे उत्तर नाकारले. पाचाचा पाचवा हिस्सा १ आणि त्यातून तीन वजा केल्यास −२ उरतात. त्यांचा वर्ग ४ आणि फांदीवरचे एक मिळून ५ होतात, म्हणजे समीकरणाचा ताळा बिनचूक जमतो. पण एका वानरातून तीन वानरे वजा करता येत नाहीत. प्रत्यक्ष दिसणाऱ्या वस्तूची संख्या ऋण असल्याचे लोक मानत नाहीत, म्हणून हे उत्तर अयोग्य, असे त्यांनी कारण दिले आहे.

शंकूची सावली. बारा अंगुळे उंच शंकूच्या सावलीतून कर्णाचा तिसरा हिस्सा वजा केल्यास चौदा अंगुळे उरतात, सावली किती? समीकरणातून साडेबावीस आणि नऊ अशी दोन मूल्ये मिळतात. सावलीतून काही वजा करून चौदा उरायचे असतील तर सावली चौदापेक्षा मोठीच असली पाहिजे. म्हणून नऊ हे मूल्य भास्कराचार्यांनी त्याज्य ठरवले. नियमाची अट या ठिकाणीही पूर्ण होते, तरी एक मूल्य निरुपयोगी ठरते. पद्मनाभ या आधीच्या बीजगणितकाराने अशा स्थितीत दोन मूल्ये येतात असा नियम दिला होता. तो सरसकट लागू पडत नाही, हे दाखवण्यासाठी भास्कराचार्यांनी हे उदाहरण दिले आहे.

ऋण उत्तराचा स्वीकार

या उदाहरणांवरून भास्कराचार्यांना ऋण उत्तरे मान्यच नव्हती, असा निष्कर्ष काढणे बरोबर ठरत नाही. 'लीलावती'च्या क्षेत्रगणितात १० व १७ या बाजू आणि ९ हा पाया असलेल्या त्रिकोणाचे उदाहरण आहे. शिरोबिंदूपासून टाकलेल्या लंबामुळे पायाचे जे दोन तुकडे पडतात त्यांना आबाधा म्हणतात. येथे गणिताने एक आबाधा १५ आणि दुसरी −६ येते. भास्कराचार्य ही ऋण आबाधा नाकारत नाहीत. ती विरुद्ध दिशेची आहे, म्हणजे लंब पायाच्या बाहेर पडतो, असा तिचा अर्थ ते सांगतात. लंब दोन्ही बाजूंनी ८ च येतो, कारण १०० मधून ३६ आणि २८९ मधून २२५ वजा केले तरी ६४ च उरतात.

एकूण पाहता त्यांची कसोटी स्पष्ट होते. रेषेला दिशा असते, म्हणून ऋण लांबीला अर्थ आहे. वानरांच्या गणतीला दिशा नसते, म्हणून ऋण वानरांना अर्थ नाही. समीकरणातून मिळणारी सर्व मूल्ये आधी काढावीत आणि मग प्रत्येक मूल्य मूळ प्रश्नाशी ताडून ठेवावे किंवा सोडावे, हीच त्यांची रीत आहे.

शालेय बीजगणिताशी संबंध

वर्गमुळाच्या चिन्हाविषयी विद्यार्थ्यांचा आजही गोंधळ होतो. क्ष² = १६ या समीकरणाची उत्तरे ४ व −४ अशी दोन आहेत; मात्र √१६ या चिन्हाने केवळ धन मूळ, म्हणजे ४, दर्शवण्याचा आधुनिक संकेत आहे. ऋण मूळ हवे असल्यास −√१६ असे लिहावे लागते आणि दोन्ही हवी असल्यास ±√१६ असे. एका चिन्हाला एकच किंमत असावी यासाठी हा संकेत ठरला आहे. त्यामुळे १६ ला दुसरे वर्गमूळ नाही असे होत नाही. समीकरणाची दोन्ही बाजूंची मुळे घेताना ± हे चिन्ह विसरल्यास वानरांच्या पहिल्या उदाहरणातील १६ हे बरोबर उत्तर हातचे निसटते. मिळालेली दोन्ही उत्तरे न तपासता लिहिल्यास दुसऱ्या उदाहरणात ५ हे चुकीचे उत्तर आत शिरते. शाब्दिक उदाहरणांच्या शेवटी वय, लांबी किंवा वस्तूंची संख्या ऋण नसते असे कारण देऊन एक मूल्य वगळण्याची शाळेतील पद्धत हा याच विचाराचा भाग आहे.

ऋण संख्येला वर्गमूळ नसते हा भास्कराचार्यांचा नियम वास्तव संख्यांपुरता आजही खरा आहे. पुढे सोळाव्या शतकात इटलीत कार्दानो व बोंबेली यांच्या घनसमीकरणांवरील कामातून ऋण संख्यांच्या मुळांचा विचार सुरू झाला आणि त्यातून संमिश्र संख्यांची नवी शाखा उदयाला आली.

अन्य कार्य

शून्याने भागलेल्या राशीला भास्कराचार्यांनी 'खहर' ही संज्ञा दिली. तिच्यात कितीही मिळवले किंवा तिच्यातून कितीही काढले तरी ती बदलत नाही, असे सांगून त्यांनी तिची तुलना सृष्टीच्या उत्पत्ति-लयाने न बदलणाऱ्या अनंत परमेश्वराशी केली आहे.

एखाद्या वर्गाला दिलेल्या संख्येने गुणून त्यात १ मिळवल्यास पुन्हा वर्ग यावा, अशा पूर्णांकांचा शोध घेणाऱ्या प्रश्नांना 'वर्गप्रकृती' म्हणतात. ते सोडवण्याची 'चक्रवाल' ही रीत भास्कराचार्यांच्या आधी जयदेव या गणितज्ञास ठाऊक होती. भास्कराचार्यांनी ती सुबोधपणे मांडली. गुणक ६१ असताना २२,६१,५३,९८० आणि १,७६,६३,१९,०४९ ही लहानात लहान उत्तरे त्यांनी काढली. इ.स. १६५७ मध्ये फ्रेंच गणिती फर्मा याने हाच प्रश्न आपल्या समकालीनांपुढे आव्हान म्हणून ठेवला, तेव्हा युरोपात ही रीत कोणाला माहीत नव्हती.

ज्योतिषशास्त्रात ग्रहांच्या तात्कालिक गतीचा, म्हणजे विशिष्ट क्षणी असलेल्या वेगाचा, त्यांनी केलेला विचार चलन-कलनाच्या कल्पनेजवळ जाणारा मानला जातो. ही गोष्ट एकोणिसाव्या शतकात बापूदेव शास्त्री यांनी विशेषत्वाने पुढे आणली. गोलाचे पृष्ठफळ व घनफळ यांचे अचूक नियमही भास्कराचार्यांनी दिले आहेत. पृथ्वी कोणत्याही आधाराविना आकाशात स्थिर असून जड वस्तूंना स्वतःकडे ओढण्याची शक्ती तिच्यात आहे, असे प्रतिपादन 'गोलाध्याया'त आढळते.

लीलावतीची आख्यायिका

लीलावती ही भास्कराचार्यांची कन्या होती, घटिकापात्रात मोती अडकल्यामुळे तिच्या विवाहाचा मुहूर्त टळला आणि तिचे नाव अमर व्हावे म्हणून पित्याने ग्रंथाला ते दिले, अशी कथा प्रसिद्ध आहे. ही कथा अकबराच्या दरबारातील कवी फैजी याने इ.स. १५८७ मध्ये केलेल्या फारसी भाषांतराच्या प्रस्तावनेतून सर्वत्र पसरली. मूळ ग्रंथात ती नाही. तेथे प्रश्न विचारताना बाला, सखी, मृगनयना अशी संबोधने येतात. मित्र आणि गणक अशी पुरुषवाचक संबोधनेही येतात.

टीका, भाषांतरे आणि वारसा

भास्कराचार्यांच्या ग्रंथांवर पुढील अनेक शतके टीका लिहिल्या गेल्या आणि त्यांत महाराष्ट्रातील विद्वानांचा वाटा मोठा आहे. गोदावरीकाठच्या पार्थपूरच्या सूर्यदासांनी 'बीजगणिता'वर 'सूर्यप्रकाश' ही टीका इ.स. १५३८ मध्ये लिहिली. कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञांची 'लीलावती'वरील 'बुद्धिविलासिनी' टीका इ.स. १५४५ ची आहे. मूळच्या विदर्भातील घराण्यात जन्मलेल्या कृष्ण दैवज्ञांनी 'बीजपल्लव' या टीकेत ऋणत्वाचा अर्थ विरुद्ध दिशा, विरुद्ध काळ आणि मालकीचा अभाव अशा प्रकारे उलगडला. ऋण संख्येला मूळ का नसते याचेही तर्कशुद्ध विवेचन त्यांनी केले.

शाहजहानच्या काळात, इ.स. १६३४ च्या सुमारास, अताउल्ला रशीदी याने 'बीजगणित' फारसीत आणले. या फारसी भाषांतरावरून एडवर्ड स्ट्रेची याने इ.स. १८१३ मध्ये इंग्रजी रूपांतर प्रसिद्ध केले. इ.स. १८१७ मध्ये हेन्री कोलब्रुक याने 'लीलावती' व 'बीजगणित' यांचा संस्कृतावरून इंग्रजी अनुवाद केला आणि युरोपातील गणितज्ञांना या ग्रंथांचा नीट परिचय झाला. मराठीत शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी 'भारतीय ज्योतिषशास्त्राचा इतिहास' (१८९६) या ग्रंथात भास्कराचार्यांच्या काळाची व कार्याची साधार चर्चा केली. ना. ह. फडके यांचे 'लीलावती पुनर्दर्शन' (१९७१) हे मराठी वाचकांसाठी उपयुक्त पुस्तक आहे.

भारताने १९७९ आणि १९८१ मध्ये अवकाशात सोडलेल्या दोन उपग्रहांना 'भास्कर' हे नाव देण्यात आले. ब्राझीलमधील शाळांत वर्गसमीकरण सोडवण्याच्या सूत्राला आजही भास्कराचे सूत्र म्हणतात. ती रीत आपली नसून श्रीधराचार्यांची आहे, हे खुद्द भास्कराचार्यांनी आठशेहून अधिक वर्षांपूर्वी लिहून ठेवले होते.